संमती घेणाऱ्याचं काय?

मरणाच्या वाटेवर आपणहून निघालेल्या माणसाला अडवावं की वाट करून द्यावी, हा प्रश्न सातारा-सांगलीकडच्या लोकांना नवा नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेले 46 जवान परत आले नाहीत, आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलं. 24 जुलै 1943 ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीच्या तुरुंगातून निसटले ते गोळ्यांच्या माऱ्यातच; अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात गेले. कृष्णा-वारणाकाठच्या जैन घरांमध्ये कुणी वृद्ध माणूस सल्लेखना घेतो, म्हणजे अन्नपाणी क्रमानं सोडून मरण पत्करतो, तेव्हा अख्खं गाव त्याच्या दर्शनाला जातं. मरण पत्करणाऱ्याकडे कसं बघायचं याची या भागाला सवय आहे. त्यामुळं मंगळावर कायमचं जायला निघालेल्या स्वयंसेवकांचा प्रश्न मुंबई-बंगळूरच्या चर्चासत्रांवर सोडून द्यायचं कारण मला दिसत नाही.

हकीकत थोडक्यात अशी. बास लान्सडॉर्प या डच उद्योजकानं 2012 मध्ये ‘मार्स वन’ नावाची योजना जाहीर केली. 2023 मध्ये चार माणसं मंगळावर उतरणार, मग दर दोन वर्षांनी आणखी चार, आणि परत कुणीच येणार नाही. परतीचं यान, त्याचं इंधन, मंगळावरून उड्डाणाची सोय हा सगळा खर्च वगळला की मोहीम आवाक्यात येते, असा सरळ हिशोब होता. पैसा उभा राहणार होता तो प्रामुख्यानं या माणसांच्या निवडीचं आणि जगण्याचं प्रक्षेपण टीव्हीवर विकून. दोन लाखांवर लोकांनी नावं नोंदवली आणि त्यांत सुमारे वीस हजार भारतीय आहेत, असं कंपनी सांगत होती. शुल्क भरून अर्ज पुरा करणारे काही हजारच होते, हे मागाहून बाहेर आलं. फेब्रुवारी 2015 मध्ये शंभर जणांची यादी लागली. तिच्यात तीन भारतीय होते, कुणी विशी ओलांडायच्या बेतात असलेलं, आणि देशोदेशींचे लहान मुलांचे आईबापही होते. जानेवारी 2019 मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं.

कंपनी बुडाली म्हणून प्रश्न बुडाला नाही. मंगळावर वस्ती करण्याची भाषा आता अधिक श्रीमंत आणि अधिक कर्तबगार लोक करतात, आणि परतीची सोय असेल असं सांगताना त्यांचा आवाज जरा उतरतो. अर्ज पुन्हा निघतील, आणि आपल्याकडची पोरं ते भरतील.

या बाबतीत दोन मतं जोरात मांडली जातात. एक म्हणतं, ही आत्महत्या आहे. संयुक्त अरब अमिरातींच्या धार्मिक व्यवहार प्राधिकरणानं 2014 मध्ये तसा फतवाच काढला होता. दुसरं म्हणतं, जीव माझा, निर्णय माझा. सज्ञान माणसानं डोळे उघडे ठेवून घेतलेल्या निर्णयात तुम्ही कोण? दोन्ही पक्षांची नजर जाणाऱ्यावर खिळलेली आहे. तो शहाणा की वेडा, शूर की पळपुटा, यावरच सगळा खल. मला त्याच्याबद्दल फारसं म्हणायचं नाही. तो शूर आहे असं मी धरून चालतो. माझा प्रश्न त्याचा अर्ज घेऊन त्याला पोच देणाऱ्याला आहे.

मराठी माणसाला हा प्रश्न विठ्ठलपंतांच्या गोष्टीतून ठाऊक असायला हवा. परंपरा सांगते ती गोष्ट अशी: आपेगावच्या विठ्ठलपंतांचं लग्न आळंदीच्या रुक्मिणीशी झालं, पण मन संसारात रमेना. ते काशीला गेले आणि मागं कुणी नाही असं सांगून त्यांनी संन्यास घेतला. पुढं गुरू तीर्थयात्रेला निघाले, वाटेत आळंदीला उतरले. पाया पडायला आलेल्या रुक्मिणीला त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, तेव्हा तिनं आपली कहाणी सांगितली. गुरूंनी यात्रा तिथंच सोडली, काशी गाठली आणि शिष्याला घरी धाडलं.

या गोष्टीत आपल्याला आठवतात ते पुढचे हाल: वाळीत टाकलेलं घर, देहान्त प्रायश्चित्त, संन्याशाची पोरं म्हणून झिडकारलेली चार मुलं. पण त्या गुरूंकडे जरा बघा. दीक्षा मागायला आलेला माणूस प्रौढ होता, विद्वान होता, स्वखुशीनं आला होता. खोटं तो बोलला, मी माझं काम केलं, असं म्हणून गुरूंना पुढं रामेश्वराकडे जाता आलं असतं. ते गेले नाहीत. दीक्षा आपण दिली, तेव्हा रुक्मिणीच्या वाट्याला जे आलं त्यात आपलाही भाग आहे, असं त्यांनी मानलं. शिष्याची संमती त्यांना पुरेशी वाटली नाही. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची: चूक उमगली तेव्हा ती सुधारायला वाट उरलेली होती. काशी-आळंदीचा रस्ता दोन्ही बाजूंनी चालता येत होता.

मंगळाचा रस्ता तसा नाही. पृथ्वी आणि मंगळ सोयीच्या जागी येतात साधारण 26 महिन्यांतून एकदा. प्रवासाला सहा ते नऊ महिने. इथला निरोप तिथं पोचायला तीन ते बावीस मिनिटं आणि उत्तर यायला तेवढीच. सूर्य मध्ये आला की जवळपास दोन आठवडे बोलणंच बंद. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, मातीत पर्क्लोरेटसारखे विषारी क्षार, आणि वरून येणाऱ्या किरणोत्साराला अडवायला ना चुंबकीय कवच ना जाड वातावरण. एमआयटीतल्या अभ्यासकांनी 2014 मध्ये मार्स वनचा आराखडा तपासला. सगळं अन्न निवासातच पिकवायचं ठरवलं तर झाडं सोडत असलेला प्राणवायू आगीचा धोका निर्माण होईल इतका वाढेल; तो बाहेर सोडताना नायट्रोजनही जाईल, दाब घसरेल, आणि पहिला मृत्यू सुमारे 68 व्या दिवशी होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. कंपनीनं तो अमान्य केला. पण वीस वर्षं जगायला निघालेल्या माणसाच्या बाबतीत अडुसष्ट दिवसांचा वाद होऊ शकतो, यावरूनच संमतीपत्रात काय लिहिलेलं नव्हतं ते कळतं.

इथं कुणी म्हणेल, मग सैन्यात का पाठवता? सातारा जिल्ह्यात हा प्रश्न हमखास येणार. देशातली पहिली सैनिकी शाळा 1961 मध्ये साताऱ्यातच निघाली. घरटी एक जवान असलेली गावं इथं आहेत. धोका पत्करणं हा गुन्हा असेल तर अर्धा जिल्हा गुन्हेगार ठरेल.

धोका आणि न परतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वेगळेपणा टक्केवारीचा नाही. लष्कर कुणालाही ‘तू मरशील’ या अटीवर घेत नाही. जवानाला रजा असते, बदली असते, निवृत्ती असते. जखमी झाला तर मागं आणण्याची धडपड होते, गेला तर तिरंग्यात गुंडाळून गावात आणतात, आणि मागं राहिलेल्या बाईच्या नावे पेन्शन चालू होते. यातलं काही वेळेवर होत नाही, काही होतच नाही, हे खरं. पण ते झालं नाही म्हणून भांडता येतं. जावळी तालुक्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गिरगाव चौपाटीवर नाकाबंदीला उभे होते. हातात लाठी होती. कसाबच्या बंदुकीची नळी त्यांनी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांना अशोकचक्र मिळालं, आणि त्या रात्री पोलिसांकडे काय साधनं होती, कुठं हयगय झाली, हे तपासायला राज्य सरकारला राम प्रधान समिती नेमावी लागली. ओंबळे नाकाबंदीला गेले होते, मरायला गेले नव्हते. म्हणूनच त्यांच्या मरणाचा जाब विचारता आला. न परतण्याची अट आधीच मान्य करून गेलेल्या माणसाच्या मृत्यूचा जाब कोण कुणाला विचारणार? कंपनी संमतीपत्र पुढं करील आणि विषय मिटेल. संमतीचा असा वापर होतो, हे मला सगळ्यांत जास्त खटकतं.

सैनिकापेक्षा जवळचं उदाहरण सल्लेखनेचं आहे, कारण तिथं मरण ही शक्यता नसून दिशा असते. आचार्य शांतिसागर महाराज दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या भोज गावचे. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन शेतकरी समाजात त्यांचं नाव आजही घराघरांत आहे. दृष्टी जात चालली. पायाखाली जीव दिसत नाही, ताटातलं अन्न तपासता येत नाही, म्हणजे अहिंसेचं व्रत पाळणं अशक्य. म्हणून 1955 मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखना घेतली आणि 18 सप्टेंबरला देह ठेवला. साठ वर्षांनी, 10 ऑगस्ट 2015 ला, राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखना म्हणजे आत्महत्याच असा निर्णय दिला. देशभर जैन समाज मूक मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरला, आणि त्याच महिन्याच्या 31 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं त्या निर्णयाला स्थगिती दिली.

धर्मशास्त्राच्या अंगानं बोलायचा माझा अधिकार नाही. पण मरणाची संमती कशी घ्यावी याचा इतका बारकाईनं केलेला विचार मला आधुनिक अंतराळसंस्थांच्या कागदांतही सापडत नाही. समंतभद्रांच्या श्रावकाचारात सल्लेखना कधी घ्यावी ते स्पष्ट आहे: टाळता न येणारं संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा असाध्य रोग आला तर. म्हणजे जगण्याचा धर्म पाळणं शक्य आहे तोवर मरणाकडे वळायची मुभा नाही. एकट्यानं ठरवता येत नाही. गुरूची अनुज्ञा लागते, आणि गुरू नाही म्हणू शकतो. घरच्यांची क्षमा मागायची, त्यांना क्षमा करायची. आहार एकदम तोडायचा नाही. आधी घन अन्न, मग दूध-ताक, मग पाणी, अशा पायऱ्या. शेवटपर्यंत सोबतीला माणसं, आणि ती सोबत हे त्यांचं कर्तव्य.

त्याहून धारदार आहेत ते दोष. सल्लेखना घेतलेल्याच्या मनात पाच गोष्टी आल्या तर व्रताला बट्टा लागतो: जगण्याची हाव, लवकर मरण यावं अशी इच्छा, भय, आप्तमित्रांची ओढ आणि पुढं मिळणाऱ्या फळाची अपेक्षा. आता मार्स वनच्या उमेदवारांच्या चित्रफिती आठवून बघा. इतिहासात नाव राहील, पहिला मी असेन, इथं असं काय ठेवलंय. यातलं प्रत्येक वाक्य या कसोटीवर नापास होतं. गंमत अशी की निवड करणाऱ्यांना नेमकी हीच वाक्यं हवी होती, कारण टीव्हीवर तीच चालतात. सल्लेखनेचा आचार्य मरणाची ओढ दिसली की थांबवतो. इथं ओढ जितकी जास्त तितके गुण जास्त.

सल्लेखनेवर टीका करणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. एकदा जाहीर झालं, मांडव पडला, दर्शनाला रांगा लागल्या की मागं फिरणं माणसाला जड जातं, आणि घरातल्या म्हाताऱ्या विधवेची ‘इच्छा’ कितपत तिची असते, असं ते विचारतात. माझ्या मते हा आक्षेप रास्त आहे. पण तो रास्त असेल तर मंगळाच्या बाबतीत दसपट रास्त आहे. गावातल्या मांडवातून उठून पेज मागणं लाजिरवाणं असेल, अशक्य नसतं. साऱ्या जगाच्या पडद्यावर निरोप घेऊन निघालेल्या माणसाला यानातून उतरून घरी कसं येता येईल? आणि यान सुटल्यावर तर लाजेचाही प्रश्न उरत नाही.

मागं फिरता येणं म्हणजे काय, हे बघायचं असेल तर आटपाडीला जावं. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. तिथं 1939 मध्ये बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या राज्यात, मॉरिस फ्रीडमन आणि अप्पासाहेब पंत यांच्या पुढाकारानं, स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत सुरू झाली. भिंत नाही, तारेचं कुंपण नाही. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं बायकामुलांसह राहायची, माळरानावर शेती करायची. शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा सगळ्यांना माहीत, मूळ वसाहत कमी जणांना. राज्याच्या कारागृह खात्याखाली ती पुढंही चालू राहिली.

स्वतंत्रपूरचं सगळं मोल एका गोष्टीत होतं. कैद्याला पळता येत होतं. आटपाडीचा माळ चारी बाजूंनी उघडा. म्हणून तो रोज सकाळी उठून विहिरीवर जायचा तेव्हा ते राहणं त्याचं स्वतःचं असायचं. काल दिलेला शब्द आज मोडता येत असूनही मोडला नाही, यातच त्या शब्दाची किंमत. मंगळाच्या वस्तीलाही तटबंदी नसेल. बाहेर पडलं की श्वास कोंडेल, एवढंच. तिथं पाचव्या वर्षी ‘मला इथं राहायचंय’ म्हणणाऱ्या माणसाच्या शब्दाला काय अर्थ उरतो? त्यानं संमती एकदाच दिली, पृथ्वीवर, वयाच्या पंचविशीत. पाचव्या वर्षीचा माणूस त्या पंचविशीतल्या पोराचा बांधील कैदी आहे, आणि दोघांचं नाव एक आहे म्हणून आपण त्याला स्वेच्छा म्हणतो.

वैद्यकीय प्रयोगांच्या बाबतीत जग हा धडा फार मोठी किंमत मोजून शिकलं. 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेत पहिलं कलम स्वेच्छेच्या संमतीचं आहे, हे सगळे सांगतात. नववं कलम क्वचित कुणी सांगतं: प्रयोग चालू असताना तो थांबवायची मोकळीक त्या माणसाला असली पाहिजे. पाचवं तर मजेशीर आहे. मृत्यू किंवा कायमची इजा होईल असं आधीच दिसत असेल तर प्रयोग करू नये. अपवाद असलाच तर तो प्रयोग करणारे डॉक्टर स्वतः त्यात उतरणार असतील तेव्हाचा. या कलमाची मंगळाच्या बाबतीत अंमलबजावणी करायची झाली तर पहिल्या यानात कंपनीचं संचालक मंडळ बसलं पाहिजे. इलॉन मस्क यांनी आपल्याला मंगळावर मरायला आवडेल, फक्त आदळून नको, असं 2013 मध्ये म्हणून ठेवलं आहे. पहिल्याच खेपेला त्यांचं नाव दिसलं तर मी माझ्या आक्षेपांतले दोन-तीन मागं घ्यायला तयार आहे.

दुसऱ्या बाजूचा सगळ्यांत बळकट मुद्दा वेगळाच आहे. माणूस मागं न फिरवता येणारे निर्णय घेतोच की. मूल जन्माला घालतो. भावाला मूत्रपिंड देतो. आमच्याकडच्या खानापूर-आटपाडीतले गलाई कामगार दुष्काळी माळ सोडून देशाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यात सोनं-चांदी गाळायला गेले. त्यांतल्या पहिल्यांना परत येऊ की नाही याची काय खात्री होती? न परतीची वाट अनैतिक ठरवली तर माणसानं गुहेतून बाहेर पडणंच अनैतिक ठरेल.

मुद्दा खरा आहे, अर्ध्यापर्यंत. मूत्रपिंड देणाऱ्याच्या बाबतीत आपण केवळ त्याच्या होकारावर भागवत नाही; समिती बसते, दबाव आहे का ते विचारते, आणि धोका त्याच्या जिवावर बेतणारा असेल तर डॉक्टर नकार देतो. गलाईवाला तमिळनाडूत कंटाळला असता तर गाडीत बसून विट्याला आला असता, आणि बरेच जण यात्रेला, लग्नाकार्याला येतातच. आमचे स्थलांतरित परतले नाहीत ते बहुधा तिकडे बरं चाललं म्हणून. वाट असून न वापरणं आणि वाटच नसणं यांना एका मापानं मोजता येत नाही.

तरी एक गोष्ट कबूल करतो. पॉल डेव्हिस आणि डर्क शुल्झे-माकुख या दोन शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये न परतीच्या मंगळमोहिमेची उघड बाजू घेतली, तेव्हा पहिले प्रवासी मुलंबाळं होण्याचं वय उलटलेले असावेत असं सुचवलं होतं. हे मला पटतं. पासष्टीचा एखादा भूगर्भशास्त्रज्ञ, मुलं हाताशी आलेली, आयुष्याचा बहुतेक हिशोब चुकता झालेला, उरलेली वर्षं लाल खडकांत घालवतो म्हणाला तर मी त्याला आत्महत्या म्हणणार नाही. सल्लेखनेच्या अटींमध्ये म्हातारपण आहे ते उगाच नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीचा तोच अर्ज मात्र मी घेणार नाही, आणि तिच्या धैर्याबद्दल शंका आहे म्हणून मुळीच नाही.

आता सगळ्यांत अवघड भाग: दिलेला शब्द पाळणार कोण? मंगळावरचा माणूस दर 26 महिन्यांनी येणाऱ्या रसदीवर जगणार. औषधं, सुटे भाग, नवी माणसं. म्हणजे त्याचा जीव पृथ्वीवरच्या कुणाच्या तरी वचनावर टांगलेला. मार्स वनच्या मूळ वेळापत्रकानुसार 2023 ला चौघं उतरायची होती. वचन देणारी कंपनी 2019 लाच संपली. ती चार वर्षं उशिरा बुडाली असती आणि यान वेळेवर सुटलं असतं तर काय, हा विचार करून बघण्यासारखा आहे. दिवाळखोरीच्या न्यायालयात घेणेकऱ्यांच्या यादीत मंगळावरच्या चौघांचा नंबर कितवा लागला असता?

सरकार असतं तर असं झालं नसतं, म्हणणाऱ्यांनी पाटण तालुक्यात जावं. कोयना धरणासाठी माणसं उठली तेव्हा त्यांना देशासाठी त्याग करायला सांगितलं होतं, आणि अनेकांनी तो मानलाही. महाराष्ट्राच्या कारखान्यांना वीज मिळणार होती, मिळाली. शिवसागर जलाशयात गावं गेली. माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगलीकडे विखुरली. पाणी साठलं 1960 च्या दशकात. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला 1976 मध्ये. म्हणजे माणसं आधी हलली आणि त्यांचे हक्क काय ते मागाहून ठरलं. साठ वर्षं उलटून गेल्यावरही कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली जमिनीसाठी ठिय्या धरते. वारणेवरच्या चांदोलीची कहाणी फार निराळी नाही.

कोयनेचा माणूस आणि मंगळवीर यांच्यात मोठा फरक आहे. एकाला उठवलं, दुसरा उठून निघाला. पण शब्द देणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर दोघं एकाच रांगेत उभे आहेत. ज्याच्या त्यागाचा फायदा घेऊन झाला, त्याची आठवण ठेवण्याची घाई कुणाला नसते. कोयनानगरपासून मंत्रालय तीनेकशे किलोमीटर. धरणग्रस्त एसटीनं, ट्रकनं, पायी मुंबईला जाऊन बसू शकतो, आणि म्हणून अर्धामुर्धा का होईना त्याचा हक्क जिवंत राहिला. मंगळ सरासरी साडेबावीस कोटी किलोमीटर. तिथून मोर्चा कसा काढायचा?

आणि मंगळावरची पुढची पिढी. वस्ती म्हटलं की मुलं आली. पृथ्वीच्या 38 टक्के गुरुत्वाकर्षणात गर्भात वाढलेलं मूल पृथ्वीवर उभं राहू शकेल का, हे आज कुठलाही डॉक्टर सांगू शकणार नाही. त्या मुलानं कुठल्याही अर्जावर सही केलेली नसेल. आईबापांच्या निवडीचा दंड मुलांनी भरायचा, ही रीत आळंदीच्या ब्राह्मणसभेनं एकदा पाळून दाखवली. तिचा निषेध करत आपण सातशे वर्षं काढली आणि आता तीच रीत दुसऱ्या ग्रहावर न्यायला निघालो. जन्म देणारं कुठलंही जोडपं मुलाला न विचारताच जन्म देतं, हे उत्तर इथं चालत नाही. इथल्या मुलाला निदान घरातून पळून जाता येतं.

कायद्याचं काय? आपल्या फौजदारी कायद्यात, जुन्या दंडसंहितेत होती तशीच नव्या न्याय संहितेतही, एक तरतूद आहे. अठरा वर्षांवरच्या माणसानं स्वतःच्या मृत्यूला किंवा मृत्यूच्या धोक्याला संमती दिली असेल तर मृत्यू घडवणाऱ्याचा गुन्हा खुनापेक्षा खालच्या दर्जाचा ठरतो. गुन्हा नाहीसा होत नाही. संमतीनं घेणाऱ्याचा भार हलका होतो, उतरत नाही. हे कायद्याला 1860 पासून माहीत आहे. 1967 च्या बाह्य अवकाश करारानं खासगी कंपन्यांच्या अंतराळ उद्योगांची जबाबदारी त्या त्या देशावर टाकली आहे. अमेरिकेत नासाच्या सांगण्यावरून वैद्यक संस्थेच्या समितीनं 2014 मध्ये लांब पल्ल्याच्या मोहिमांची नैतिक तत्त्वं मांडली, त्यांत प्रवाशाच्या स्वातंत्र्याबरोबरच त्याच्याशी आयुष्यभर निष्ठा राखण्याचं कर्तव्य आहे: त्यानं समाजासाठी जोखीम घेतली, तर समाजानं पुढं त्याच्या तब्येतीची जन्मभर काळजी घ्यावी. जन्मभर काळजी घ्यायची तर माणूस हाताशी हवा, किंवा त्याच्यापर्यंत पोचायची हमी हवी. न परतीच्या मोहिमेत दोन्ही नाही.

म्हणून माझा निकाल असा. परतीची सोय नसलेल्या मोहिमेसाठी अर्ज करणाऱ्याला दोष देऊ नये. अर्ज मागवणाऱ्याला परवानगी देऊ नये. ज्याची मुलं सज्ञान झालेली नाहीत त्याचा अर्ज घेऊ नये. तरुणाचा तर नाहीच. अपवाद म्हणून वयस्क शास्त्रज्ञ जाणार असेल, तर त्याच्या हयातीपुरती रसद आधी मंगळावर पोचलेली असावी, तिच्यामागं कंपनी नव्हे तर राज्यं उभी असावीत, आणि त्याचं मरण कुणालाही विकायला मिळू नये. परत येण्याचं यान तिथं उभं असेल, भरलेलं असेल आणि ते कुणी वापरलं नाही, तर मग मी त्याला खुशीनं स्थलांतर म्हणेन.

भारतानं 2014 मध्ये मंगळाच्या कक्षेत यान नेलं, गगनयानात माणूस पाठवण्याची तयारी चालली आहे, आणि तिचा मोठा भाग माणूस सुखरूप समुद्रात उतरवण्याचा आहे, हे योग्यच. अंतराळ कायद्याचा मसुदा 2017 मध्ये लोकांपुढं ठेवला गेला होता. तो कायदा होईल तेव्हा त्यात एक कलम असावं: परतीची सोय नसलेल्या कोणत्याही अंतराळप्रवासासाठी भारतीय भूमीवर स्वयंसेवक नोंदवता येणार नाहीत, त्यांच्याकडून शुल्क घेता येणार नाही आणि त्यांची लेखी संमती हा कुठल्याही न्यायालयात बचाव मानला जाणार नाही. कोयनेला कायदा माणसं हलल्यावर आला. सातारा-सांगलीच्या खासदारांनी हे कलम मागावं, कारण उशिरा आलेल्या कायद्याचे हाल त्यांच्या मतदारसंघात अजून जिवंत आहेत.